वॉरंटी संपली आणि इंजिन बोलायला लागलं. पुण्यात कुणाला दाखवू?

नमस्कार मंडळी,

पेट्रोल हॅचबॅक, ४१ हजार किलोमीटर. तीन वर्षांची वॉरंटी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संपली. दिवाळीनंतर रोज सकाळी गाडी चालू केली की पहिले चार-पाच सेकंद बोनेटखालून खडखडाट, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. मग गप्प. दिवसभर पुन्हा नाव नाही.

सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) दुपारी नेली. अ‍ॅडव्हायजर एक चक्कर मारून आला, "सर, काहीच आवाज नाही." आठवड्याने परत नेली तर म्हणाला, टायमिंग चेनचा (इंजिनाच्या आतल्या साखळीचा) अख्खा किट बदलावा लागेल, ३४ हजार. आवाज ऐकू आला नाही, पण किट मात्र सुचला!

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नव्हती. त्यावरून घरी बोलणी खाऊन झाली आहेत, इथे नकोत. कोथरूड-कर्वेनगर भागात भरवशाचा फिटर सुचवा. शनिवारी साताऱ्याला जायचंय, नेऊ का गाडी?

तेलकट_हात

आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून. ऑइल खालच्या खुणेजवळ असेल तर बाकी चर्चा नंतर.

चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते आणि खडखडते. टेन्शनर गेला किंवा चेन ताणली तरी हाच आवाज, आणि ऑइल फिल्टर हलक्या प्रतीचा असला तरी हाच. फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, तिचं काम ऑइल परत खाली जाऊ न देणं. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल आणि झडप नीट बसत नसेल, तर रोज सकाळी हीच रडकथा. एकीकडे काहीशे रुपये, दुसरीकडे ३४ हजार. शेवटचं ऑइल कुठे बदललं?

कोथरूडचा_बाळू (धागाकर्ता)

... वॉरंटी संपल्या संपल्या बाहेरच्या गॅरेजमध्ये. पैसे वाचवायला. आता हसू नका.

तेलकट_हात

हसलो. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच (जाड-पातळपणाचंच) ऑइल घाला, ०डब्ल्यू-२० असेल तर तेच. "जाड घातलं की आवाज दबतो" म्हणणारा फिटर भेटला तर चहा पिऊन निघा. थंड इंजिनात जाड ऑइल वर पोचायला आणखी वेळ लागतो. फिल्टर नाना पेठेतून आणलात तर पॅकिंग नीट बघा, हुबेहूब डब्यातला डुप्लिकेट माल सगळीकडे असतो.

सिंहगडरोड_ट्रॅफिक

माझा उपाय: रेडिओ मोठा करा. आमच्या रस्त्यावर तसंही स्वतःचं इंजिन ऐकू येत नाही.

घाटवेडी

वरच्यांकडे दुर्लक्ष करा. 😀 आवाज कशाबरोबर बदलतो ते वहीत लिहून ठेवा, मी तसं केलं होतं. माझा टकटक आवाज इंजिन गरम झालं की जायचा. दोन गॅरेजवाले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) म्हणाले, निघाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट (इंजिनाला धुराची नळी जोडतात तिथलं पॅकिंग). धातू तापून फुगला की फट बुजायची. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा एसी लावल्यावर चिरका आवाज आला तर बेल्ट किंवा पुलीचं बेअरिंग. घाट चढताना वरच्या गिअरमध्ये खणखणलं तर ते नॉकिंग (पेट्रोल नीट न पेटता ठोके बसणं), आधी गिअर खाली टाका.

साताऱ्याचं म्हणाल तर ऑइल पुरेसं असेल आणि आवाज सुरुवातीचे काही सेकंदच असेल, तर मी गेले असते. पण लाल ऑइलचा दिवा लागला, किंवा इंजिन गरम असतानाही खालून ठोके येऊ लागले, तर खंबाटकी चढायची हिंमत करू नका. तिथेच बंद करून टो करा.

कागदं_जपा

थंड इंजिनाचा आवाज दुपारी कुणाला ऐकवणार? गाडी आदल्या संध्याकाळी सेंटरवर सोडा, सकाळी फोरमनच्या समोरच पहिल्यांदा चालू करायला लावा. तोवर घरी बोनेट उघडं ठेवून दोन-तीन दिवस मोबाइलवर व्हिडिओ घ्या, सुरुवातीला तारीख बोला.

आणि जुनी जॉब कार्डं (सर्व्हिसला तक्रार आणि काम लिहितात ते कागद) काढा. वॉरंटीत असताना हीच तक्रार कार्डावर आली असेल तर कंपनीला मेल करा. तक्रार तेव्हाची आहे म्हटल्यावर निदान पार्टच्या खर्चात सवलत मागायला जागा राहते. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, आणि २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण आधी फिल्टर.

कोथरूडचा_बाळू

जॉब कार्डं काढली. गेल्या थंडीत दोनदा असाच आवाज झाला होता, मी अ‍ॅडव्हायजरला सांगितलंही होतं. कार्डावर काय आहे? "जनरल सर्व्हिस, वॉशिंग, व्हील अलाइनमेंट." सही माझीच. न वाचता केलेली.

कागदं_जपा

ही गोष्ट घरी सांगितलीत का?

कोथरूडचा_बाळू

नाही, आणि सांगणारही नाही.

पेठेतला_फिटर_नाही

कर्वेनगरमधल्या एका फिटरचा नंबर व्यनि (खासगी निरोप) केला आहे. माणूस तुसडा आहे, पण लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकतो, मगच तोंड उघडतो. बेल्ट काढून काही सेकंद इंजिन चालवून बघतो, आवाज गेला तर अल्टरनेटर किंवा पुलीकडचा. निदानाचे पैसे वेगळे घेतो, ते द्या.

कोथरूडचा_बाळू

अपडेट. ऑइल खालच्या खुणेच्या जरा वर होतं. ऑइल आणि ओरिजिनल फिल्टर दोन्ही बदलले. आज चौथी सकाळ. पाच सेकंदांचा खडखडाट आता जेमतेम एक सेकंद. पूर्ण गेलेला नाही, म्हणजे टेन्शनरचंही थोडं असावं. मंगळवारी रात्री गाडी सेंटरवर सोडतोय. कार्डावर "सकाळी थंड इंजिनला आवाज" हे लिहून घेतल्याशिवाय किल्ली देणार नाही.

साताऱ्याला एसटीने गेलो.

कर्वेनगरच्या फिटरचा व्यनि ज्यांनी केला होता, त्यांनी कृपया पुन्हा पाठवा. माझ्याकडून उडाला.