पानाचं 'केंद्र' की पानाचा 'मध्य'?

समासवाला
पृष्ठमांडणीच्या एका मार्गदर्शिकेच्या मराठीकरणात अडलंय. दोन वेगळ्या आज्ञा आहेत: ओळ चौकटीत मधोमध आणायची, आणि चौकट पानावर मधोमध आणायची. मसुद्यात दोन्हींना 'मध्य' झालंय. वाचणारा पहिली आज्ञा देतो. ओळ चौकटीच्या मध्यावर येते, चौकट जागची हलत नाही. दुसरीला 'पृष्ठकेंद्र' म्हणावं का?

शब्दवेल्हाळ
नको. केंद्र वर्तुळाला असतं, रेषाखंडाला मध्यबिंदू. शाळेच्या भूमितीत हा भेद पक्का आहे. पान म्हणजे आयत, 'पानाचा मध्य' म्हणा.

खिळेजुळारी
कोणता मध्य ते आधी ठरवा. ए-फोर 210 × 297 मिमी, कागदाचा मध्य 105 आणि 148.5 वर. पण बांधणीकडचा समास 20 आणि बाहेरचा 15 असेल, तर उजव्या पानावर मजकूर 20 पासून 195 पर्यंत जातो आणि त्याचा मध्य 107.5 वर पडतो. अडीच मिलिमीटरचा फरक शीर्षकात लगेच डोळ्याला खुपतो. एकाला 'पानमध्य', दुसऱ्याला 'मजकूरमध्य' म्हणावं.

गुण्या
पानावर मध्याची रेषा, म्हणजे गाइड, आखतानाही हाच घोळ होतो. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लेआउट'खाली 'क्रिएट गाइड्स': रो 2, कॉलम 2, गटर (भागांमधली मोकळी जागा) शून्य, आणि 'फिट गाइड्स टू' पुढे पेज. मार्जिन्स निवडलं तर मजकुराचा मध्य मिळतो. गटर शून्य करायला विसरलात तर एकाऐवजी दोन रेषा येतात. गटर 5 मिमी असेल तर 102.5 आणि 107.5 वर, आणि खरा मध्य दोहोंच्या मधे रिकामा. स्क्रायबसमध्ये मात्र आकडा 1 टाकायचा, कारण तिथे रेषा मोजतात, इनडिझाइनमध्ये भाग. कोरलमध्ये वस्तू निवडून नुसतं 'पी' दाबा, ती पानाच्या मध्यावर येते.

समासवाला
इनडिझाइनमध्ये एक्स (आडवं अंतर) 105 टाकूनही चौकट डाव्या पानावर पळते, ते का?

गुण्या
मोजपट्टी (रूलर) जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून, लावलेली आहे. तिचा शून्य डाव्या पानाच्या कोपऱ्यात, म्हणून उजव्या पानाचा मध्य 315. पट्टी 'पेज'वर करा आणि चौकटीचं अंतर कुठून धरायचं ते ठरवणाऱ्या नऊ ठिपक्यांतला मधला ठिपका निवडा. डावा वरचा ठिपका निवडलेला असेल तर चौकटीचा कोपरा मध्यावर जाऊन बसतो.

अनुस्वार
शब्दवेल्हाळ, 'केंद्र' मुळात ग्रीक आहे. 'केंट्रॉन' म्हणजे टोचणी, कंपासचा रोवलेला पाय. ज्योतिषातून संस्कृतात आला. कुंडलीतली 1, 4, 7, 10 ही केंद्रस्थानं. त्यांत मधोमध एकही नाही! मग आयताला चालणार नाही हा सोवळेपणा कशाला?

शब्दवेल्हाळ
सोवळं नाही, नेमकेपणा. कुठून आला यापेक्षा आज काय सांगतो ते महत्त्वाचं. 'आरोग्य केंद्र' म्हटल्यावर कुणी गावाचा मध्य मोजत नाही.

खिळेजुळारी
म्हणूनच 'मधोमध' उत्तम. बोलीतला शब्द आहे, समजावून सांगावा लागत नाही.

अनुस्वार
मेनूत 'मधोमध' शोभेल, पण खूण केलेल्या रेषेला काय म्हणणार? 'मधोमधरेषा' कानाला बरी लागत नाही. 'दुभाजक' घ्या. लंबदुभाजक शाळेपासून ओळखीचा आहे.

गुण्या
दुभाजक म्हटलं की रस्ता आठवतो. गवंडी ओळ धरायला सूत लावतो. गाइड म्हणजे तेच, काम झालं की काढून टाकायचं. 'मधलं सूत' म्हणा.

शब्दवेल्हाळ
सूत हे मापही आहे, इंचाचा आठवा भाग. मापाच्याच कामात दोन अर्थ नकोत.

खिळेजुळारी
देवनागरीत आणखी एक अडचण आहे. अक्षरांची आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवून, शीर्षक मध्यावर आणलं, की यंत्र शाईची चौकट मोजतं. 'कुसुम'चे उकार खाली लोंबतात, म्हणून शिरोरेषा वर सरकते. 'कीर्ती'त वेलांट्या आणि रफार वर चढतात, शिरोरेषा खाली येते. एकाच मालिकेतल्या दोन मुखपृष्ठांवर शिरोरेषा दोन उंचींवर दिसतात. म्हणून उभ्या दिशेला शिरोरेषेवरच खूण करून ठेवावी. आडव्या दिशेचं यंत्रावर सोडलं तर चालतं.

अनुस्वार
मग तो 'मध्य' उरतच नाही, 'दृष्टिमध्य' होतो.

शब्दवेल्हाळ
'दृष्टिमध्य' म्हणजे नजरेचा मध्य. इथे अभिप्रेत आहे नजरेला वाटणारा मध्य. समास चुकतोय.

गुण्या
कोणता समास, व्याकरणाचा की पानाचा? मार्गदर्शिकेत हाही खुलासा लागेल.