मदत हवी आहे: ॲडव्हेंचरर्स लीगच्या टेबलावर एकालाच सूट द्यावी का?

नमस्कार मंडळी. मी इथे न्यू जर्सीत एका दुकानात डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (फासे टाकत, एकेक पात्र घेऊन खेळायचा कथा-खेळ) ॲडव्हेंचरर्स लीगचं, म्हणजे सगळीकडे सारख्याच नियमांनी चालणाऱ्या खेळाचं, टेबल चालवतो. परवा एक शाळकरी मुलगा घरच्या खेळातलं कॅरेक्टर (पात्र) घेऊन आला. पहिलीच लेव्हल आणि स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचा आकडा, 18! फासे टाकून काढलेले आकडे. लीगमध्ये ते चालत नाहीत. ठरलेले सहा आकडे (15, 14, 13, 12, 10, 8) पात्राच्या ताकदीसारख्या सहा गुणांना वाटून घ्या, नाहीतर 27 पॉइंट खर्चून आकडे घ्या. तसं केलं तर बोनस धरूनही पहिल्या लेव्हलला सहसा 17 च्या वर जाता येत नाही.

घरच्या टेबलावर मी डोळेझाक केली असती. पण लीगचं कॅरेक्टर उद्या दुसऱ्या कुठल्याही टेबलावर जाणार, तिथल्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) काय करायचं? त्यात एक जुने खेळाडू आधीच कुरकुरले, "मग मलाही हवंय." मुलाचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवशी तयार कॅरेक्टर देऊन वेळ मारून नेली.

दुसरे एक काका हात थरथरतो म्हणून फासे मोबाइलवर टाकतात. त्याला मी सूट मानतच नाही, शक्यता तीच राहते.

तुम्ही रेघ कुठे ओढता? आणि पोराला हिरमोड न करता कसं सांगता?