आफ्रिकेतल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी गोव्यातलं विद्यापीठ नेमकं काय करू शकतं?

फोंड्याचा मास्तर

नमस्कार मंडळी. कायदा आणि पोर्तुगीज असे दोन विभाग मिळून मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाव इथल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी काहीतरी ठोस सुरू करावं, असा विचार आमच्याकडे चालला आहे. टिपणात सध्या तीनच गोष्टी आहेत: १० डिसेंबरला परिसंवाद, निषेधाचा ठराव, आणि एका कार्यकर्त्याला सहा महिने पाहुणा संशोधक म्हणून बोलावणं.

मोझांबिकमध्ये ९ ऑक्टोबर २०२४ च्या मतदानानंतर दहा दिवसांत राजधानी मापुतोमध्ये विरोधी उमेदवाराचे वकील एल्विनो दियास आणि विरोधी पक्षाचे पावलो ग्वांबे यांना गोळ्या घालून मारलं. मग आठवडेच्या आठवडे निदर्शनं आणि गोळीबार. हे पाहिल्यावर नुसत्या परिसंवादावर भागवणं मनाला पटत नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसं त्या देशांत गेली, तिथलीच झाली. म्हणून जाणकारांना विचारतो: या तिन्हींत कामाचं काय, घातक काय, आणि आमच्या टिपणातून सुटलेलं काय? पैसा बेताचा आहे, विद्यार्थी मात्र उत्साही आहेत.

बार्देशची वाट

सर, तुमच्याकडे असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट टिपणात आलेलीच नाही: पोर्तुगीज येणारी माणसं. मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं बहुतेक काम इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये चालतं. मापुतो किंवा अंगोलाची राजधानी लुआंडा इथल्या वकिलाकडे अटकेचे कागद, न्यायालयाचे आदेश, डॉक्टरी दाखले असा सगळा पुरावा असतो, पण तो पोर्तुगीजमध्ये. तो नीट इंग्रजीत आणून देणं हे काम गोव्यात बसून होतं. त्याला व्हिसा लागत नाही की विमानाचं तिकीट.

हे कागद कुठे जाणार, ते आधी समजून घ्या. आफ्रिकन मानवी हक्क आयोग गांबियात बांजुलला आहे, न्यायालय टांझानियात अरुशाला. व्यक्तीला किंवा संस्थेला थेट न्यायालयात जायचं असेल, तर त्या देशाने हे न्यायालय स्थापन करणाऱ्या प्रोटोकॉलच्या (पूरक कराराच्या) कलम ३४(६) खाली तशी घोषणा केलेली असावी लागते. मोझांबिकने प्रोटोकॉल स्वीकारला आहे, घोषणा केलेली नाही. रवांडाने २०१६ मध्ये, टांझानियाने २०१९ मध्ये, बेनिन आणि आयव्हरी कोस्टने २०२० मध्ये दिलेली घोषणा मागे घेतली. म्हणजे मोझांबिकच्या माणसासाठी बांजुलचा, म्हणजे आयोगाचाच रस्ता उरतो.

बांजुलला तक्रार दाखल करून घेण्याच्या अटी आफ्रिकन मानवी हक्क सनदेच्या कलम ५६ मध्ये आहेत. त्या एकूण सात, पण अनुवाद करणाऱ्याने चार तरी तोंडपाठ ठेवाव्यात. तक्रारदाराने आयोगाला आपलं नाव द्यावं लागतं. ते गुप्त ठेवा, अशी विनंती मात्र करता येते. तक्रार केवळ वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर उभी नसावी. देशातले कायदेशीर उपाय संपलेले असावेत, किंवा ते अवाजवी लांबले आहेत हे दाखवता यावं. आणि भाषा अपमानास्पद नसावी.

ही शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण तक्रार तिथेच अडकू शकते. कॅमेरूनविरुद्धच्या ६५/९२ क्रमांकाच्या तक्रारीत ‘छळ करणाऱ्यांची राजवट’ अशा धर्तीचे शब्द होते. आयोगाने ते अपमानास्पद ठरवले आणि तक्रार दाखल करून घेतली नाही. उत्साही विद्यार्थी अनुवाद करताना मूळ मजकुरापेक्षा धारदार शब्द वापरतो आणि त्याचं नुकसान तिकडच्या माणसाला भोगावं लागतं.

कामाची पद्धत अशी ठेवा. एकाने अनुवाद करायचा, कायदा शिकलेल्या दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहायचा. मूळ कागदाचे पान क्रमांक आणि परिच्छेद जसेच्या तसे ठेवायचे. शिक्का, सही, खाडाखोड यांची नोंद चौकटी कंसात. अक्षर लागत नसेल तर ‘वाचता येत नाही’ असं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. शब्दसूची पहिल्या दिवसापासून करा. तिथल्या न्यायालयांतलं ‘प्रिझांव प्रिव्हेंतिव्हा’ म्हणजे खटला उभा राहण्याआधीची न्यायालयीन कोठडी. आपल्याकडचा कायद्याचा विद्यार्थी ते हमखास ‘प्रतिबंधात्मक स्थानबद्धता’ करून टाकतो आणि सगळा युक्तिवादच फिरतो. गोव्यातले जुने नोटरी आणि वकील पोर्तुगीज दस्तऐवज वाचणारे आहेत, त्यांच्यापैकी एकाला महिन्यातून दोन तास बसवलंत तरी खूप झालं.

गतीचा अंदाज: हस्तलिखित किंवा अस्पष्ट स्कॅन असेल तर एका माणसाकडून दिवसाला आठ-दहा पानांपेक्षा जास्त धरू नका. आणि पीडितांची नावं असलेला मजकूर फुकटच्या ऑनलाइन अनुवादयंत्रात कधीही टाकू नका. तो पुढे कुठे साठतो यावर आपला काही ताबा राहत नाही.

ताळगाव पठार

पाहुणा बोलावण्याबद्दल. कल्पना चांगली आहे, पण सहा महिन्यांचा बेत सहा आठवड्यांत जमवायला गेलात तर पाहुण्याचेच हाल होतील.

पहिली गोष्ट: भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे ‘इथे तुम्हाला आश्रय मिळेल’ असं पत्रात सूचकपणेसुद्धा लिहू नका. तुम्ही देऊ शकता तो ठरावीक मुदतीचा विसावा, अभ्यास आणि ओळखी. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचं मानवी हक्क केंद्र याच प्रकारे कार्यकर्त्यांना काही महिन्यांसाठी बोलावतं आणि ते परत जाऊन काम चालू ठेवतील असं धरूनच आखणी करतं.

दुसरं, व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर बोलावून व्याख्यानं आणि संशोधन करून घेऊ नका. दंड, हद्दपारी हे सगळं पाहुण्याच्या नावावर चढतं आणि त्याच्या सरकारला आयतं कोलीत मिळतं. संशोधनाचा व्हिसा घ्या, वेळ लागतोच. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. शिवाय जिथे उतरवाल त्या जागेने २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (जुना सी-फॉर्म) भरायचा असतो, मग ते विद्यापीठाचं गेस्ट हाऊस असो की एखाद्या प्राध्यापकाचं घर. घरगुती सोय केली की नेमकं हेच राहून जातं. परिसंवादाला परदेशी वक्ते येणार असतील तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मंजुरीचा वेळही आधीच धरा.

तिसरं, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: पीतज्वराची लस. अंगोला किंवा गिनी-बिसावहून येणाऱ्याला तिचं प्रमाणपत्र लागतं आणि ते टोचल्यानंतर १० दिवसांनीच लागू होतं. आठव्या दिवशी विमानात बसलेला माणूस इथे उतरल्यावर थेट विलगीकरणात जाऊ शकतो, तेही सहा दिवसांपर्यंत. छळाचा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी बंद खोलीत ठेवणं म्हणजे काय, याचा विचार करा. निमंत्रणपत्रासोबतच ही सूचना ठळक अक्षरांत पाठवा.

चौथं, पैसा. कॉलेज ट्रस्टचं असेल आणि परदेशातून देणगी घेणार असाल तर २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि ती पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. त्यामुळे ‘आपण निधी घेऊ आणि मापुतोतल्या संस्थेला देऊ’ हा मार्ग बंद आहे. अकाउंट्स विभागाला पहिल्याच बैठकीला बसवा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी कुणाला बोलावूच नका. धोका तातडीचा असेल तर शेजारच्या देशात हलवणं जास्त उपयोगी ठरतं. भाषा, कुटुंब, केस चालवणारा वकील, सगळं जवळ राहतं. युगांडातल्या कंपालाची डिफेंडडिफेंडर्स ही संस्था पूर्व आफ्रिकेत हे काम २००५ पासून करते. खंडभराच्या आफ्रिकनडिफेंडर्स या जाळ्याने २०१९ मध्ये ‘उबुंटू हब सिटीज’ नावाने अशा शहरांची साखळीच उभी केली. प्राध्यापक-संशोधकांसाठी १९९९ मध्ये सुरू झालेली स्कॉलर्स अ‍ॅट रिस्क ही संस्था आहे. तुमच्याकडे विनंती आली तर कुठे पाठवायची याची यादी तयार असणं, ही पहिल्या वर्षाची खरी मदत.

फोंड्याचा मास्तर

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका. ठराव आणि निवेदनं अगदीच निरुपयोगी का? आणि ज्यांना पोर्तुगीज येत नाही अशा बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांनी काय करावं? संगणकवाली मुलंही विचारत आहेत.

जुवारी पूल

निवेदनाचं उत्तर एका प्रश्नात आहे: नाव आधीच जाहीर झालं आहे का? लुआंडात जून २०१५ मध्ये पुस्तक वाचायला जमलेल्या तरुणांना अटक झाली, मार्च २०१६ मध्ये १७ जणांना शिक्षा झाली, जूनअखेरीस ते सुटले. त्या सगळ्या काळात नावं जगजाहीर होती. अशा वेळी विद्यापीठाचं पत्र कामाचं, आणि ते राजदूतावासाबरोबर आरोपीच्या वकिलालाही पाठवावं, म्हणजे तो ते न्यायालयात वापरू शकतो. नाव जाहीर नसेल तर कुटुंबाच्या आणि वकिलाच्या संमतीशिवाय एक ओळसुद्धा छापू नये. कार्यक्रमाचे फोटो, पेपरातली बातमी, कॉलेजचं फेसबुक पान, सगळ्यांना हेच लागू.

विद्यापीठ म्हणजे आपोआप सुरक्षित जागा, असंही समजू नका. मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठात १७ ऑगस्ट १९८२ रोजी पार्सल बॉम्ब फुटला आणि संशोधक रूथ फर्स्ट ठार झाल्या. तो वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी पाठवला होता. ज्या आफ्रिकन अभ्यास केंद्रात त्या काम करत, त्याचे संचालक आकिनो द ब्रागांसा आपल्या गोव्यात जन्मलेले. त्या स्फोटात तेही जखमी झाले. त्याच विद्यापीठातले घटनाकायद्याचे प्राध्यापक जिल सिस्ताक यांना ३ मार्च २०१५ रोजी मापुतोत गोळ्या घातल्या गेल्या. प्रांतांच्या स्वायत्ततेला राज्यघटनेत वाव आहे, असं मत त्यांनी जाहीरपणे मांडलं होतं. तिथल्या सहकाऱ्याला ईमेल लिहिताना हे डोळ्यांसमोर असावं.

आता मुलांचं काम. दोन गोष्टी सुचवतो.

एक, व्हिडिओ-फोटोंची पडताळणी. अ‍ॅम्नेस्टीने २०१६ पासून विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे असे गट चालवले, त्यात दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया विद्यापीठ सुरुवातीपासून होतं. पद्धतीसाठी २०२० चा बर्कली प्रोटोकॉल (ऑनलाइन पुरावा कसा तपासायचा याची मार्गदर्शिका) वाचा. फाइल आली की तिची मूळ प्रत वेगळी ठेवायची, लगेच एसएचए-२५६ हॅश (फाइलचा अंकी ठसा, फाइल जरा बदलली तरी तोही बदलतो) काढून नोंदवहीत लिहायचा आणि पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर करायचं. उलट प्रतिमाशोध करून (म्हणजे तेच चित्र आधी नेटवर कुठे आलं होतं ते शोधून) तो व्हिडिओ जुना तर नाही ना, हे पाहायचं. निदर्शनांच्या दिवसांत दुसऱ्याच देशातल्या जुन्या चित्रफिती फिरतात. मग डोंगराची कड, पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार, रस्त्याचं वळण हे उपग्रहचित्राशी जुळवायचं. सावलीच्या दिशेवरून आणि लांबीवरून वेळ काढायची. प्रत्येक निष्कर्षापुढे ‘नक्की’, ‘संभाव्य’, ‘कळत नाही’ यांपैकी एक शेरा. मुलांना ‘कळत नाही’ लिहायला संकोच वाटतो, तो घालवणं हे शिक्षकाचं काम.

इथे नेहमी चुकतं ते असं: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की फाइल दाबली जाते आणि आतली वेळ-स्थळाची माहिती निघून जाते. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तेही शक्यतो सिग्नल या अ‍ॅपवर. आणि मुलांची काळजी घ्या. आवाज बंद, खिडकी लहान, एका बैठकीत दीड-दोन तासांच्या वर नाही, एकट्याने नाही, रात्री हॉस्टेलच्या खोलीत तर नाहीच. ‘मला हे पाहायचं नाही’ म्हणण्याची मुभा लेखी द्या आणि तिचा गुणांशी संबंध ठेवू नका.

दुसरं काम संगणकवाल्यांचं: मतमोजणीचे तक्ते. मोझांबिकमध्ये मतदान केंद्रावरच मोजणी होते आणि निकालाचा कागद, ज्याला ते ‘एदिताल’ म्हणतात, दारावर लावला जातो. स्थानिक निरीक्षक त्याचे फोटो काढतात. या निरीक्षकांचा जीवही धोक्यात असतो: अनास्तासियो मातावेल यांना शाय-शायमध्ये ७ ऑक्टोबर २०१९ रोजी, मतदानाच्या आधल्याच आठवड्यात, ठार मारलं गेलं आणि मारणाऱ्यांत पोलीस होते. असे फोटो मिळाले तर दोन मुलांनी एकमेकांचं न पाहता आकडे भरायचे, फरक पडला तर तिसऱ्याने मूळ फोटो पाहून निवाडा द्यायचा. मग साध्या चाचण्या. वैध, कोरी आणि बाद मतं यांची बेरीज पेटीतल्या मतपत्रिकांइतकी येते का? ती नोंदणीकृत मतदारांपेक्षा जास्त आहे का? केंद्रांची बेरीज जिल्ह्याच्या जाहीर आकड्याशी जुळते का?

जुळलं नाही म्हणून लगेच ‘घोटाळा’ लिहू नका. फोटो पुसट असतो, ७ चा १ वाचला जातो, काही केंद्रांचे फोटो आलेलेच नसतात. किती टक्के केंद्रांचे कागद हाती आहेत ते पहिल्या ओळीत सांगा. आणि फोटो काढणाऱ्याचं नाव किंवा फोन नंबर त्या तक्त्यात कुठेही नको.

बार्देशची वाट

जुवारी पूल यांच्या मुद्द्याला जोडून. हे सगळं आपण एकट्याने ठरवू नये. प्रिटोरिया विद्यापीठाचं मानवी हक्क केंद्र १९८६ पासून आहे. त्यांचा मानवी हक्क आणि लोकशाहीकरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पहिलं सत्र प्रिटोरियात आणि दुसरं खंडातल्या भागीदार विद्यापीठांत चालतो. १९९२ पासूनची त्यांची आफ्रिकन मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धा पोर्तुगीजमध्येही होते. युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठात १९९३ पासून मानवी हक्क आणि शांतता केंद्र आहे. काय हवं ते त्यांनी सांगावं आणि आपण करावं. आपल्याकडचा अभ्यास त्यांच्यावर लादला तर मदत कमी आणि त्यांच्या डोक्याला ताप जास्त.

करार करताना तीन कलमं विसरू नका: कागदपत्रांची मालकी पाठवणाऱ्याकडेच राहील, काम संपल्यावर किती दिवसांत आपल्याकडच्या प्रती पुसायच्या (मी ९० दिवस लिहीन), आणि त्यांच्या परवानगीशिवाय यातलं काहीही आपल्या शोधनिबंधात वापरायचं नाही. तिसऱ्या कलमाला विभागातून विरोध होईल, कारण बढतीला शोधनिबंध लागतात. तिथे मागे हटू नका सर.

ताळगाव पठार

अनुवादाचं काम इंटर्नशिप म्हणून क्रेडिटला जोडता येतं का, ते आताच अभ्यासमंडळाला विचारून ठेवा. दुसऱ्या सत्रात परीक्षा जवळ आल्या की स्वयंसेवक गळतात आणि अर्धे अनुवादलेले कागद तसेच पडून राहतात; तिकडे मात्र अपिलाची मुदत चालू असते. क्रेडिट नसेल तर एका वेळी एकच प्रकरण घ्या, आणि मुदतीची तारीख फायलीच्या पहिल्या पानावर लिहा.