टॅली आणि ड्रॉइंग्ज क्लाउडवर न्यायचीत : खरं किती, गैरसमज किती?

मशीनशॉप_इचलकरंजी

मंडळी, सल्ला हवा आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, १८ माणसं. ऑफिसात एक टॉवर सर्व्हर आहे. त्यावर टॅलीप्राइम गोल्ड (एका वेळी सात जण), शेअर्ड फोल्डरमध्ये दीड टीबी ऑटोकॅड ड्रॉइंग्ज, आणि रोज रात्री यूएसबी डिस्कवर कॉपी. सर्व्हरची वॉरंटी संपत आली आहे.

क्लाउड विकणाऱ्यांचं म्हणणं असं की खर्च निम्म्यावर येईल, बॅकअप आणि सिक्युरिटी 'ते बघतात', आणि क्लाउड कधी बंद पडत नाही. आमचे संचालक उलट टोकाला आहेत. डेटा अमेरिकेत जाणार, हे कायद्यात बसत नाही, असं ते म्हणतात. इंटरनेट फायबरचं आहे, डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस. यातलं नेमकं काय धरायचं आणि काय सोडायचं?

पाच_वर्षांचं_गणित

'निम्मा खर्च' हे कागदावर मांडून दाखवल्याशिवाय मान्य करू नका. ऑफिसातला सर्व्हर विकत घेतला की तो आठ तास चालवा नाहीतर चोवीस तास, किंमत तीच. क्लाउडला विजेसारखा मीटर असतो. महिन्याचे तास साधारण ७३०. तुमचं काम सकाळी ९ ते संध्याकाळी ७, २६ दिवस धरलं तर २६० तास होतात. उरलेले ४७० तास मशीन (क्लाउडवर भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर) चालूच राहिलं तर भाड्यातले ६४ टक्के पैसे रिकाम्या ऑफिससाठी जातात. चालू-बंदचं शेड्यूल पहिल्याच दिवशी लावा.

पण 'मशीन बंद म्हणजे बिल बंद' असंही नाही. प्रोसेसर आणि मेमरीचं भाडं थांबतं, डिस्कचं थांबत नाही. तेही तुम्ही मागितलेल्या आकारावर लागतं, ५०० जीबी घेऊन ८० जीबी वापरली तरी ५०० चंच. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर पडतात, मशीन बंद असलं तरी पत्ता राखून ठेवला असेल तर तेवढेच. एकेक रक्कम किरकोळ असते, ती साठते विसरलेल्या गोष्टींमुळे: चाचणीसाठी उघडलेलं मशीन, कोणाची तरी जुनी डिस्क, दोन वर्षांचे स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या क्षणाच्या प्रती). मशीनची यादी एका वेळी एकाच रीजनची (डेटा सेंटर असलेल्या ठिकाणाची) दिसते. मुंबई निवडलेली असताना व्हर्जिनियात चालू राहिलेलं मशीन दृष्टीस पडत नाही, बिलात मात्र येतं. म्हणून दर महिन्याला बिलाचं रीजनवार पान उघडून बघाच. बजेट अलर्ट ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर लावा. तो फक्त ईमेल पाठवतो. आपोआप काही बंद व्हावं असं वाटत असेल तर ती कृती वेगळी जोडावी लागते.

आत टाकायला पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत. मुंबई रीजनमधून महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला सुमारे ०.११ डॉलर. तुमचा दीड टीबी एकदा परत आणायचा तर साधारण १५७ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. (सेवाच कायमची सोडून जाणाऱ्यांना २०२४ पासून मोठ्या कंपन्या हे शुल्क अर्ज केल्यावर माफ करतात. रोजच्या वापराला ही सवलत नाही.)

तुलना करताना एका बाजूला ६० महिन्यांचं बिल घ्या. दुसऱ्या बाजूला सर्व्हर, विंडोज लायसन्स, एएमसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, एसी आणि वीज. फक्त सर्व्हरची किंमत धरली तर क्लाउड नेहमीच महाग दिसेल, आणि एकाच महिन्याचं बिल धरलं तर नेहमीच स्वस्त.

रिस्टोअर_करून_बघा

'बॅकअप ते बघतात' हे वाक्य सगळ्यांत घातक आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

एडब्ल्यूएसच्या एस३ (फाइल साठवण्याची सेवा) मध्ये टिकाऊपणा ९९.९९९९९९९९९ टक्के, म्हणजे अकरा नऊ, असं सांगतात. ते खरं आहे. पण तो आकडा त्यांच्या डिस्क खराब होण्याबद्दलचा आहे. तुमच्या माणसाने फोल्डर पुसला किंवा रॅन्समवेअरने फाइल्स लॉक केल्या, तर ती आज्ञा सगळ्या प्रतींवर बिनचूक अमलात येते. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचा बॅकअप तर तुम्ही चालू केल्याशिवाय घेतलाच जात नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ज्यांनी दुसरीकडे बॅकअप ठेवला नव्हता त्यांचा डेटा कायमचा गेला.

सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे. वनड्राइव्हच्या फोल्डरमधली फाइल एका पीसीवर बिघडली की बिघडलेली प्रत सगळीकडे पोहोचते. शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस वस्तू राहते. चार महिन्यांनी ऑर्डर परत आली आणि ड्रॉइंग पुसलेलं निघालं, तर तिथे काही मिळत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. रात्री सगळे बाहेर पडल्यावर आधी टॅलीचा स्वतःचा बॅकअप आणि मगच डिस्कचा स्नॅपशॉट. टॅलीत कंपनी उघडी असताना घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे चालू मशीनची वायर ओढल्यानंतरची डिस्क, त्यातला टॅलीचा डेटा अर्धवट लिहिलेला असू शकतो. त्यानंतर एक प्रत वेगळ्या अकाउंटमध्ये, ज्याचा पासवर्ड रोजच्या अ‍ॅडमिनकडे नाही. हे जास्तीचं वाटेल, पण २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या एडब्ल्यूएस कन्सोलमध्ये (अकाउंट सांभाळायच्या पानावर) कोणी घुसलं आणि त्याने मशीन आणि बॅकअप दोन्ही पुसले, कारण दोन्ही एकाच किल्लीखाली होते. कंपनी बंद करावी लागली. एस३ ऑब्जेक्ट लॉकच्या (ठरावीक मुदतीसाठी फाइल पुसणं बंद करण्याची सोय) कंप्लायन्स मोडमध्ये मुदत संपेपर्यंत रूट युजरलाही (अकाउंटचा मूळ मालक) फाइल पुसता येत नाही. आधी सात दिवसांची मुदत लावून बघा. चुकून दहा वर्षं टाकलीत तर दहा वर्षं भाडं भरावं लागेल.

आणि तीन महिन्यांतून एकदा स्नॅपशॉटवरून नवं मशीन उभं करा, शेवटचा व्हाउचर नंबर आणि ट्रायल बॅलन्स त्या दिवसाच्या प्रिंटशी जुळवा. अशी डिस्क पहिल्या वाचनाला संथ चालते, कारण डेटा मागून हळूहळू भरत असतो. घाबरू नका, पण किती वेळ लागला ते लिहून ठेवा. खऱ्या अडचणीच्या दिवशी संचालकांना तेवढाच वेळ सांगायचा आहे.

सिक्युरिटीचं एकच सांगतो. इमारत, वीज आणि हार्डवेअर त्यांचं. विंडोजचे अपडेट, पासवर्ड आणि कोणतं पोर्ट (मशीनचं नेटवर्कवरचं दार) कोणाला उघडं, हे तुमचं. रिमोट डेस्कटॉपचं (दुरून त्या मशीनचा स्क्रीन वापरण्याची सोय) ३३८९ पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवलं की पासवर्ड फोडण्याचे प्रयत्न लगेच सुरू होतात. व्हीपीएन आणि दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी, त्याशिवाय नको.

मशीनशॉप_इचलकरंजी

खूप उपयोगी, आभार. एक शंका: टॅली इथल्याच पीसींवर ठेवून फक्त डेटा फोल्डर क्लाउडवर ठेवला तर? विक्रेता म्हणतो चालेल.

पॅच_पॅनल

चालेल, पण तुम्हाला सोसवणार नाही. टॅली डेटा फाइल एकदम उचलत नाही, छोटे छोटे तुकडे वाचते. समजा एका रिपोर्टला ५,००० वाचनं लागली. ऑफिसच्या लॅनवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर अडीच सेकंदांत काम होतं. क्लाउडपर्यंतच्या फेरीला २० मिलिसेकंद धरले तर तोच रिपोर्ट १०० सेकंद घेतो. लाइनचा वेग १०० वरून ३०० केलात तरी फरक पडत नाही, कारण अडचण फेरीच्या वेळेची आहे, रुंदीची नाही. शिवाय मधेच नेट गेलं तर फाइल उघडी राहते. म्हणून टॅली आणि डेटा दोन्ही क्लाउडच्या मशीनवर, आणि इथून रिमोट डेस्कटॉप. मग फक्त स्क्रीनचं चित्र ये-जा करतं.

त्यात एक खोच आहे. विंडोज सर्व्हरवर फुकट मिळणारी दोन रिमोट सेशन्स अ‍ॅडमिनच्या कामासाठी असतात. सात जणांना आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉप वापरायचं प्रत्येकी लायसन्स) लागतात. सर्व्हरवर ही सेवा (रोल) चालू केल्यावर १२० दिवसांची मुदत असते, त्यामुळे चार महिने सुरळीत चालतं आणि एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही. कोटेशनमध्ये ही ओळ आहे का बघा. टॅलीचं लायसन्स जुन्या सर्व्हरवर सरेंडर करून मगच नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं, हेही मशीन फेकण्याआधी.

ड्रॉइंग्ज मात्र मी इथेच ठेवेन: दोन डिस्कचा साधा नॅस (ऑफिसच्या नेटवर्कवर फाइल ठेवायचा डबा), आणि क्लाउडवर फक्त बॅकअप. २० एमबीपीएस अपलोडवर दीड टीबी चढवायला सलग सात दिवस-रात्र लागतात, तेही लाइन दुसऱ्या कशाला न वापरता. पहिली प्रत चढली की पुढे रोजचा बदल थोडाच असतो. ड्रॉइंग्ज सिंक फोल्डरमध्ये टाकून दोघांनी एकच फाइल उघडली तर दोन प्रती तयार होतात आणि शॉपमधल्या मशीनवर जुनं माप जातं.

'कधी बंद पडत नाही' बद्दल: एडब्ल्यूएसची एका मशीनची हमी ९९.५ टक्के आहे, म्हणजे ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटं बंद राहिलं तरी हमी मोडत नाही. ९९.९९ टक्के हवे असतील तर मशीन दोन वेगवेगळ्या झोनमध्ये (एकाच रीजनमधली स्वतंत्र डेटा सेंटरं) लागतात. हमी मोडली तर पुढच्या बिलात सूट मिळते, अडकलेल्या डिस्पॅचची भरपाई नाही. तुमच्या बाबतीत आधी फायबर तुटेल. दुसऱ्या कंपनीची लाइन किंवा सिमवरचा राउटर, आणि राउटर-स्विचला यूपीएस, हा खर्च क्लाउडच्या बिलाच्या शेजारीच धरा.

नियम_तीन

संचालकांच्या शंकेला उत्तर. डेटा आपोआप अमेरिकेत जात नाही, तुम्ही निवडाल त्या रीजनला राहतो. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ पासून आणि हैदराबादचं २०२२ पासून आहे. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' म्हणजे पुणे. मशीन मुंबईला आणि दुसरी प्रत हैदराबादला ठेवली तर दोन्ही भारतातच राहतात.

कायदा क्लाउडला मनाई करत नाही, काही अटी घालतो. कंपनीज अकाउंट्स रूल्स, २०१४ च्या नियम ३ नुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर हवा. पूर्वी 'ठरावीक काळाने' होतं, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून 'रोज' झालं. म्हणजे शनिवारी घ्यायचा बॅकअप सोमवारी घेतला तर ते नियमात बसत नाही, आणि ऑडिटर लॉग मागतो. त्याच नियमाप्रमाणे सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव, आयपी पत्ता आणि ठिकाण दरवर्षी रजिस्ट्रारला कळवावं लागतं. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात, त्यामुळे हे तुम्हाला लागू. भागीदारी फर्मला हा नियम नाही. पुस्तकं आठ वर्षं जपायची आहेत, तेव्हा जुने बॅकअप आपोआप पुसणारा नियम लावताना वर्षअखेरच्या प्रती त्यातून वगळा.

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. एडब्ल्यूएसची क्लाउडट्रेलची (अकाउंटमध्ये कोणी काय केलं त्याची नोंद) इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांचीच असते. वेगळी ट्रेल तयार करून एस३ मध्ये साठवली नाही तर निम्मे लॉग हाती नसतील.

सही करण्याआधी एवढं बघा: अकाउंटचा रूट ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरचा आहे ना? विक्रेत्याच्या ईमेलवर उघडलेलं अकाउंट त्याचं असतं, तुमचं नाही, आणि त्याच्याशी बिनसलं की पुस्तकं त्याच्या ताब्यात राहतात. तिथेच टॅक्स सेटिंग्जमध्ये तुमचा जीएसटी नंबर भरा, म्हणजे १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट घेता येईल.