सीएमटी असलेल्या भावाला मेट्रोनिडाझोल चालेल का?

कृष्णाकाठची
माझ्या धाकट्या भावाला सीएमटी १ए आहे (शार्को-मारी-टूथ, हातपायांच्या नसांचा आनुवंशिक आजार). घोट्याखाली पाय बधिर. चपलेचा पट्टा घासून करंगळीपाशी जखम झाली ती त्याला कळलीच नाही, पू यायला लागल्यावर आईने पाहिली. सांगलीच्या डॉक्टरांनी क्लॅव्युलॅनिकवालं अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल आठवडाभर लिहून दिलंय. पण 'या आजारात अँटिबायोटिकने नसा जातात' असं कोणीतरी त्याला सांगितलं आणि तो एकही गोळी घेत नाहीये. काय करू?

उंच कमान
ताई, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिन आजच सुरू करायला लावा. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन ही घराणी सीएमटीत नसांना धोका असलेल्या औषधांच्या यादीत नाहीत. बधिर पायातला पू हाडापर्यंत जातो आणि दुखत नाही म्हणून आपण गाफील राहतो. मलाही १ए आहे, आईकडून आलेला, म्हणून कळकळीने सांगतोय.

त्या यादीत सगळ्यात वर व्हिन्क्रिस्टिन आहे. ते कॅन्सरचं औषध. सीएमटीचं निदान झालेलं नसताना ते दिल्यावर हातपाय लुळे पडल्याच्या नोंदी आहेत. अँटिबायोटिकांची गोष्ट इतकी सरळ नाही, त्यांनी नसांना होणारी इजा सीएमटी नसलेल्यांतही दिसते. मेट्रोनिडाझोलचा त्रास मुख्यतः कित्येक आठवडे घेतल्यावर होतो, लिनेझोलिडचा बहुधा २८ दिवसांपुढे. लघवीच्या इन्फेक्शनवरचं नायट्रोफ्युरँटॉइन किडनी मंदावलेली असेल तर जास्त घातक. मला खरी भीती सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनची वाटते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१३ मध्ये त्यांच्यावरचा नसांविषयीचा इशारा कडक केला, कारण इजा पहिल्या काही दिवसांतही होऊ शकते आणि कायमची राहू शकते. आपल्या सीएमटीवाल्यांकडे नसांची शिल्लक मुळातच कमी, त्यामुळे दुसरा पर्याय असेल तर तो मागायचा. जीवावरचं इन्फेक्शन असेल तर मात्र जे लागू पडेल ते घ्यायचं.

मेट्रोनिडाझोलबद्दल डॉक्टरांना फोन करून स्पष्ट विचारा. सीएमटी आहे हे त्यांना सांगितलं होतं का?

मेडिकलवाला
दुकानातला अनुभव सांगतो. जुलाब झाले की लोक चिठ्ठीशिवाय ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी मागतात. म्हणजे एका गोळीत सिप्रोफ्लॉक्सासिनचं आणि मेट्रोनिडाझोलचं अशी दोन्ही घराणी! साध्या जुलाबाला बहुतेकदा ओआरएस पुरतं. नसांचा आजार असेल तर काउंटरवरही सांगत जा, आम्हाला चेहऱ्यावरून कळत नाही.

आणखी एक. कधी टीबीचे उपचार लागले तर आयसोनियाझिडसोबत नसा जपायला पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६ जीवनसत्त्व, देतातच. पण 'नसांची ताकद' म्हणून बी६ स्वतःच्या मनाने वाढवू नका. जास्त डोस फार दिवस घेतला तर त्यानेच नसा बिघडतात.

कृष्णाकाठची
दोघांचे मनापासून आभार. सीएमटीचं सांगायचं खरंच राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, क्लॅव्युलॅनिकवालं अमॉक्सिसिलिन हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवरही चालतं, म्हणून सध्या मेट्रोनिडाझोल नको. पू तपासणीला पाठवलाय, पायाचा एक्स-रे आणि शुगर करायला सांगितलीय. दादा, तुमचा संदेश वाचून दाखवल्यावर त्याने पहिली गोळी घेतली. जखम भरेपर्यंत पायात काय घालावं, तेवढं सांगाल का? त्याला रोज एसटीने कामावर जावं लागतं.

उंच कमान
डॉक्टर हो म्हणेपर्यंत कामावर पाठवू नका. जखमेवर भार येता कामा नये.