‘दया’ खोडली, मग ‘कळवळा’ की ‘करुणा’?

शेवंती: एका छोट्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. विषय असा की ख्रिस्ती माणसाचं विजयी जीवन दुसऱ्यांविषयीच्या मायेतून घडतं. एका प्रकरणाला मी ‘दयेतून विजय’ असं नाव दिलं होतं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ते तिथल्या तिथे खोडलं. म्हणाल्या, “दया वरून खाली येते. येशूला कळवळा आला होता.” ‘करुणा’ही त्यांना लांबची वाटली. पण ‘कळवळ्यातून विजय’ वाचताना माझी जीभ अडखळते. काय करू?

जुनी वही: बाईंचं बरोबर आहे. बायबलमधलं मत्तय ९:३६ काढून बघा. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे लोक पाहून त्याला ‘कळवळा आला’. येशूच्या दाखल्यांत वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्यालाही कळवळाच, घरी परतलेल्या उधळ्या मुलाच्या बापालाही कळवळाच. तिन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्निझोमाय’, आतडी या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. आपलं आतडं तुटतं ना, तेच.

रानवाट: माझे आजोबा कळवळ्याची फोड ‘कळ’ अधिक ‘वळणे’ अशी करायचे. पोटात कळ उठते आणि माणूस वळतो.

जुनी वही: आजोबांचा मान राखून सांगतो, हा शब्द मला तळमळ, हळहळ, मळमळ यांच्या रांगेतला वाटतो. ‘कळ’ त्यात आहे हे मान्य. ‘वळणे’ मागून चिकटवलेलं दिसतं.

रानवाट: तरी मला वळणंच पटतं. त्या जखमीला पाहून याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) दुसऱ्या बाजूने निघून गेले, शोमरोनी वळला.

दीपमाळ: करुणा लांबची का म्हणे? मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार शब्द बौद्ध परंपरेने जिवापाड जपले. तिथली करुणा म्हणजे दुसऱ्याचं दुःख दूर व्हावं ही तळमळ. ख्रिस्ती पुस्तकात ती परकी होत नाही. उलट ‘कळवळा’ आता टोमण्यापुरता उरलाय: “यांना अचानक गरिबांचा कळवळा आला!”

जुनी वही: त्यासाठी ‘पुळका’ आहे. तुकोबांनी ‘येतो कळवळा’ म्हटलं ते बुडणारी माणसं डोळ्यांनी बघवत नाहीत म्हणून. कुणी शब्द वाकडा वापरला म्हणून आपण टाकून द्यायचा?

दीपमाळ: शब्द बोलणाऱ्यांचा असतो. आज वाचणाऱ्याला आधी टोमणा ऐकू येणार असेल, तर तुकोबांचा दाखला शीर्षकाला वाचवणार नाही.

ओसरी: आईच्या शेवटच्या आजारात रात्रपाळीला एक आया होत्या. उशी सारखी करताना त्यांना आईचे हात गार लागले. काही न बोलता स्टूल ओढून बसल्या आणि ते हात आपल्या तळव्यांत घेऊन चोळत राहिल्या. सकाळी आई म्हणाली, “तिला कळवळा आहे गं.” त्यालाच कुणी दया म्हटलं असतं तर आई ओशाळली असती. मला फरक क्रियापदात दिसतो. दया आपण करतो, कळवळा आपल्याला येतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:१७) गरजवंत भाऊ दिसत असूनही ‘कळवळा येऊ देत नाही’ असा माणूस आहे. येणं आपल्या हातात नसेल, अडवणं मात्र आहे. तो अडसर काढणं हाच मला विजय वाटतो. रोम १२:२१ सांगतं, बऱ्याने वाइटाला जिंक. आणि त्याच्या आधीचं वचन भुकेल्या शत्रूला खायला घालायला सांगतं!

रानवाट: हे फार आवडलं. पण ‘विजयी’ मला कोरडा वाटतो. आमच्या प्रार्थनासभेत ‘जयवंत जीवन’ म्हणतात.

जुनी वही: धनवंत, गुणवंत तसा जयवंत, ज्याच्यापाशी जय आहे तो. विजयी म्हणजे झुंजून जिंकलेला. इथे झुंज आहे, स्वतःशीच. विजयीच ठेवा.

रानवाट: पण हा जय कमावलेला नाही, मिळालेला आहे! १ करिंथ १५:५७ मध्ये देवच आपल्याला जय देतो.

दीपमाळ: आणि रोम ८:३७ मध्ये ‘महाविजयी’ छापलंय. तिथेही ‘ज्याने आपल्यावर प्रीती केली त्याच्या योगे’ असंच आहे. मग कमावलेला-मिळालेला हा भेद या दोन शब्दांवर कसा लादणार?

शेवंती: बाईंना आत्ताच ‘कळवळा येऊ देणे’ हे नाव वाचून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, खोडलं नाही. म्हणाल्या, “आता ‘विजय’ कुठे गेला?”

जुनी वही: विजय की जय, ते आधी ठरू द्या.