फ्रोझन शोल्डर: फिजिओथेरपीने खरोखर फरक पडतो का?

प्रश्न: माझी आई ५६ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. चार महिन्यांपासून तिचा डावा खांदा आखडला आहे; वेणी घालणे किंवा फडताळातला डबा काढणेही तिला जमत नाही आणि त्या कुशीवर झोपता येत नसल्याने रात्र जागून जाते. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुचवली आहे. तिचा उपयोग होईल का?

प्रतिसाद १: होतो, परंतु धीर धरावा लागतो. या विकारात सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड आणि आखूड होते, त्यामुळे दुखणे तीव्र असताना कोणी जोर लावून हात ओढला तर त्रास उलट वाढतो. सध्या पुढे वाकून, टेबलाचा आधार घेऊन, दुखरा हात लंबकासारखा हलकेच झुलवणे पुरेसे आहे. वेदना ओसरल्यावर ताण वाढवावा. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो आणि रेंगाळतोही.

प्रतिसाद २: शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइड इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षअखेरीस यांपैकी कोणताही उपचार निर्विवाद सरस ठरला नाही. इंजेक्शन घेतल्यास मात्र काही दिवस रक्तातील साखर वाढते, तेव्हा ती तपासत राहावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. शेक व्यायामाआधी द्यावा की नंतर?

प्रतिसाद १: आधी, दहा-पंधरा मिनिटे. मधुमेहात त्वचेची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवी किती गरम आहे ते आधी तुम्ही स्वतः हात लावून पाहा.